पळसाचा दिवस, जवसाचा आठवडा

रंगपेटी : लेखांक ९

मागच्या वेळी पितळी तांब्या रंगवला. तांब्या गरीब, चार दिवस जागचा हलत नाही. आजचा पाहुणा तसा नाही. पळसाची डहाळी पाण्यात ठेवली तरी दुसऱ्या दिवशी फुलांचा ताठा जातो, एकेक गळू लागतं. तैलरंगाला मात्र वाळायला आठवडा लागतो.

एवढा वेळ का, याचं उत्तर आपल्याच शेतात आहे. ट्यूबमधला रंग बहुतेकदा जवसाच्या तेलात घोटलेला असतो. झाडीपट्टीत धान उभं असतानाच ओलीवर जवस, लाखोळी फेकायची रीत जुनी. चटणी तर घरोघरी. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. खोबरेलाचं असं होत नाही, ते ओलंच राहतं. पण म्हणून घाण्यावरचं खायचं जवस तेल रंगात ओतू नका. ते चित्रकामासाठी शुद्ध केलेलं नसतं, पुढे जास्त पिवळं पडतं.

आता फूल. मूल-सिंदेवाहीच्या वाटेवर फाल्गुनात पळस पेटला, असं म्हणायची आपल्याला खोडच आहे. त्या खोडीपायी नवशिका ट्यूबमधला नारिंगी तसाच थापतो आणि फूल प्लॅस्टिकचं दिसतं. डहाळी हातात घेऊन नीट बघा. फुलाच्या बुडाशी मखमली, काळपट तपकिरी वाटी आहे. नारिंगी उठून दिसतो तो तिच्यामुळे. म्हणून आधी ती रंगवा. ट्यूबमधला काळा नको. बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीन मिसळा, किंचित हिरवट झाक येऊ द्या.

पाकळ्या पाच : मागे वळलेली एक मोठी, बाजूला दोन पंख, आणि मधल्या दोन जुळून झालेली पोपटाच्या चोचीसारखी वाकडी नाव. चित्र जमतं की फसतं ते या चोचीच्या बाकावर ठरतं. रंगासाठी कॅडमियम ऑरेंज, सावलीला त्यात कॅडमियम रेड आणि अलिझरिनचा थेंब. उजेडाकडे जाताना पांढरा घातलात की नारिंगी खडूसारखा फिका होतो. तिथे पिवळा घ्या. पांढरा लागतो तो एकाच जागी. पाकळीच्या बाहेरून बारीक रुपेरी लव असते, तिथे करड्या रंगाचा कोरडा ब्रश अलगद फिरवा.

पहिल्या बैठकीत फुलं आणि त्यांची सावली एवढंच उरका. बाटली, टेबल, मागची भिंत कुठे जात नाहीत. मोबाइलवर फोटो काढून ठेवाल, तर भडक नारिंगीत कॅमेरा बारकावे गिळतो, सपाट डाग तेवढा उरतो. आकारासाठी फोटो चालेल, रंगासाठी नाही. त्यापेक्षा कागदाच्या तुकड्यावर रंगाचे चार पट्टे ओढून फुलाशेजारी धरून बघा. फूल गेलं तरी पट्टे राहतात. डच चित्रकार यान फान हौसम याचं चित्र पिवळा गुलाब मिळेना म्हणून रखडलं होतं; त्यानं १७४२ मध्ये गिऱ्हाइकाला तसं कळवलंही. आपल्याकडे होळी सरली की पुढच्या फाल्गुनापर्यंत थांबणं आलं.

पहिला थर टर्पेंटाइननं पातळ केलेला, वरच्या थरांत तेल जास्त. उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलत राहतो आणि चित्राला भेगा पडतात.

एक सूचना हसण्यावारी नेऊ नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. त्यात हा चंद्रपूरचा उन्हाळा. बाहेर एकेक सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचा मोह टाळा, अंधारात तेल पिवळं पडतं. उजेडात, धूळ बसणार नाही अशा जागी राहू द्या. पुढच्या आठवड्यात बोटाला रंग लागेनासा झाला की बाटलीच्या काचेकडे वळू.