मजकूर पोचला का?

फिरतीवर काम करणाऱ्या माणसाची इंटरनेटकडे मागणी साधी असते. दिवसभर केलेलं काम ठरलेल्या वेळेआत ठरलेल्या जागी पोचावं. तीसेक वर्षं मी वार्ताहर म्हणून कोकणात, मेळघाटात, मराठवाड्यात हिंडतो आहे. या काळात वेग किती वाढला हे सांगणारे आकडे पुष्कळ वाचले, पण पोचण्याची खात्री किती वाढली याचा हिशेब फारसा कुणी मांडलेला दिसत नाही. तो मांडायला हवा, कारण हा प्रश्न आता माझ्या व्यवसायापुरता राहिलेला नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तालुक्याच्या वार्ताहराचा सगळ्यांत भरवशाचा मार्ग होता एसटी. मजकूर आणि फोटोचा रोल पाकिटात घालायचा, पाकीट मुंबई-पुण्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे सोपवायचं आणि तिकडे स्टँडवर कचेरीतल्या माणसाने ते उतरवून घ्यायचं. घाईची बातमी असली तर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ. रात्री उशिरा दर पावपट व्हायचा, पण तोवर पान सुटलेलं असायचं, त्यामुळे स्वस्ताईचा उपयोग आम्हाला क्वचितच झाला. पुढे फॅक्स आला. हाताने लिहिलेली पानं जशीच्या तशी जाऊ लागली आणि फोनवर नावं-आडनावं अक्षर-अक्षर सांगण्याचा त्रास संपला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. नुसती अक्षरं दाखवणाऱ्या खात्याला वर्षाला ५,००० रुपये, चित्रं दाखवणाऱ्याला १५,०००. वेग ९.६ किलोबिट. सेवा मोठ्या शहरांपुरती, म्हणजे रत्नागिरीहून जोडायचं तर आधी एसटीडी लावा आणि मग मोडेमचं किरकिरणं ऐका. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, जिल्ह्याच्या गावी १७२ ने सुरू होणारे नंबर स्थानिक दरात लागू लागले, आणि मग सायबर कॅफे आले. प्लायवूडचे कप्पे, पडदा, दाराशी नाव-पत्ता लिहायची वही. सुरुवातीला तासाला पन्नास-साठ रुपये, नंतर वीस, नंतर त्याहूनही कमी. फिरतीच्या माणसाला या कॅफेंनी फार मोठा आधार दिला. गावात उतरलं की कॅफे कुठे आहे आणि किती वाजता बंद होतो, हे जेवणाच्या आधी विचारायचं, ही सवयच लागली.

मराठीत लिहिणाऱ्यासमोर आणखी एक अडथळा होता, फाँटचा. कचेरीत श्रीलिपी किंवा आयएसएम, कॅफेच्या संगणकावर यांतलं काहीच नाही. फाइल पोचायची, पण समोरच्या पडद्यावर उघडताना ती रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा होऊन दिसायची. मग गावातला डीटीपीवाला गाठायचा. लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणाऱ्या या माणसाकडे फाँटही असायचा आणि टंकनाचा हातही. तो मजकूर लावून द्यायचा, फ्लॉपीवर घ्यायचा, आणि ती फ्लॉपी घेऊन आम्ही शेजारच्या कॅफेत पळायचो. कितीतरी बातम्या अशा दोन दुकानांच्या मेहनतीवर छापून आल्या. विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर मंगल फाँट आणि युनिकोड आला, तरी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत तो रुळायला बरीच वर्षं गेली. इंटरनेटवर मराठी मजकूर निर्धास्तपणे पाठवता येऊ लागला त्याचं श्रेय दूरसंचार कंपन्यांइतकंच युनिकोडला द्यायला हवं.

२००५ नंतर भारनियमनाची वर्षं आली. कॅफेत संगणक आहे, लाइन आहे, वीज नाही. पेपरात भारनियमनाचं वेळापत्रक छापून यायचं आणि आम्ही दौऱ्याचा आराखडा त्यावरून आखायचो. पोचण्याची खात्री तारेइतकीच विजेवर अवलंबून असते, हे तेव्हा पक्कं कळलं.

याच सुमारास खिशातला फोन संगणकाला जोडता येऊ लागला. नोकियाच्या फोनवर जीपीआरएस, *९९# लावायचं आणि तीस-चाळीस किलोबिटच्या वेगाने मेल जाताना पाहायचं. दुसरीकडे रिलायन्स इन्फोकॉमचा सीडीएमए फोन, केबल आणि #७७७. तो जोडला की जीपीआरएसच्या तिप्पट-चौपट वेग मिळे. २००९च्या आसपास डोंगल आले. टाटा फोटॉन प्लस आणि रिलायन्स नेटकनेक्ट ब्रॉडबँड प्लस यांच्या जाहिरातीत ३.१ मेगाबिट लिहिलेलं असे. ते झालं उतरवून घेण्याचं. चढवण्याची कमाल होती १.८. तरीही त्या डोंगलांविषयी मला आजही आपुलकी आहे. सीडीएमए ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालायचं आणि कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात. लॉजच्या खिडकीला यूएसबीच्या लांब वायरने डोंगल लटकवला की टॉवर बऱ्याच अंतरावर असला तरी काम भागायचं. २०१७ पर्यंत सीडीएमए देशातून जवळजवळ नाहीसं झालं.

३जीचा लिलाव २०१० मध्ये झाला आणि लायसन्स परिमंडळांप्रमाणे विकली गेली. मुंबई हे एक परिमंडळ, महाराष्ट्र-गोवा हे दुसरं. दोन्हीकडचे विजेते सारखे नव्हते. त्यामुळे मुंबईत सुसाट चालणारं कार्ड नवी मुंबई ओलांडून कोकणाच्या किंवा घाटाच्या रस्त्याला लागलं की २जीवर उतरायचं. दिल्लीतल्या एका लिलावाच्या रेषा मुंबई-गोवा महामार्गावर अशा जाणवायच्या.

रेल्वे स्थानकांचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गूगलने मोफत वायफाय सुरू केलं आणि जून २०१८ पर्यंत अशी चारशे स्थानकं झाली. २०२० मध्ये गूगलने अंग काढून घेतलं, रेलटेलने सेवा पुढे चालवली. छोट्या गावांतून मोठे फोटो पाठवायला मला याच्याइतकी खात्रीची जागा दुसरी मिळाली नाही. कारण उघड आहे. रुळांच्या कडेने रेलटेलची फायबर गेलेली, आणि स्थानकावर सहसा वीज जात नाही.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आलं. त्याआधी एक जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजणारी मंडळी मार्च २०१७ पर्यंत फुकट वापरत राहिली. हा बदल खरोखरच मोठा होता. पाड्यावरच्या मुलाच्या हातात पहिल्यांदा नेट आलं, आणि त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. मात्र जाळं बांधलं गेलं ते पाहणाऱ्याच्या सोयीने. ४जीच्या २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकाच लहरीवर आळीपाळीने उतरवणं आणि चढवणं चालतं, आणि वेळेचा मोठा वाटा उतरवण्याला दिलेला असतो. घाटात उतरणाऱ्या गाड्यांना तीन मार्गिका आणि चढणाऱ्यांना एक, असा तो प्रकार. त्यात आणखी एक अडचण निसर्गनियमाची आहे. टॉवर दहा-वीस वॅट किंवा अधिक ताकदीने बोलतो, फोन जास्तीत जास्त पाव वॅटच्या आत. म्हणून रेंजच्या सीमेवरच्या गावात टॉवरचा आवाज फोनपर्यंत येतो, फोनचा आवाज टॉवरपर्यंत जात नाही. पडद्यावर दोन दांड्या दिसतात, व्हिडिओही अडखळत चालतो, आणि पाठवायला लावलेला फोटो तासभर गोल फिरत राहतो. गावकरी म्हणतात, ‘रेंज आहे पण जात नाही.’ त्यांचं निरीक्षण अचूक आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. पुढचे कित्येक दिवस श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली हा सगळा पट्टा अंधारात होता. काही टॉवर पडले. पुष्कळसे उभे होते आणि तरीही मुके होते. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास टिकतात, मग जनरेटर, आणि जनरेटरला डिझेल. रस्त्यावर झाडं आडवी पडलेली, डिझेल आणणार कोण? छप्पर उडालेली माणसं मुंबईतल्या नातेवाइकांना ‘आम्ही बरे आहोत’ एवढं कळवण्यासाठी दुचाकीवरून रेंज शोधत निघालेली होती. वादळानंतरचा सगळ्यांत गरजेचा निरोप तेवढाच होता आणि तोच जात नव्हता.

दोन कंपन्यांची दोन कार्डं बाळगावीत, हा सल्ला आम्ही एकमेकांना वर्षानुवर्षं देत आलो. तो चांगला आहे, पण अर्धाच. अनेक ठिकाणी दोन-तीन कंपन्यांच्या अँटेना एकाच टॉवरवर असतात. वीज गेली की सगळ्यांची एकदमच जाते. फायबरचंही तेच. महामार्गाच्या रुंदीकरणात जेसीबीचा एक घाव बसतो आणि सगळा तालुका गप्प होतो. म्हणून दुसरं कार्ड घेताना मी गावातल्या रिचार्जवाल्याला विचारतो, या कंपनीचा टॉवर वेगळा आहे का? त्याला हे बिनचूक ठाऊक असतं. एका कंपनीचं जाळं बंद पडलं तर तिच्या ग्राहकाला दुसरीच्या जाळ्यावर जाऊ देण्याची तरतूद नियमांत आहे आणि अलीकडच्या चक्रीवादळांत ती वापरलीही गेली. ती नेहमीसाठी का असू नये, हे मला समजलेलं नाही.

वार्ताहर, छायाचित्रकार, विम्याचे सर्व्हेअर, औषध कंपन्यांचे एमआर, अशी आम्हा पाठवणाऱ्यांची जमात पूर्वी छोटी होती. गेल्या पाच वर्षांत ती अफाट वाढली, आणि ज्यांच्याकडे साधा फोन आणि लहानसा रिचार्ज आहे अशी माणसं तिच्यात आली. २०२१ पासून शेतकऱ्याने बांधावर उभं राहून पिकाचा फोटो ई-पीक पाहणीत भरायचा आहे. अंगणवाडी सेविकेने पोषण ट्रॅकरवर रोजची नोंद करायची आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट फोन परत केले, इंग्रजीतल्या ॲपविरुद्ध आवाज उठवला. तो माझ्या मते आपल्याकडचा पाठवणाऱ्यांचा पहिला मोठा लढा होता, आणि त्याची नोंद तशी झाली नाही. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा, जागेच्या खुणेसह फोटो काढून, ॲपवर देणं सक्तीचं झालं. मेळघाटात किंवा धडगावच्या डोंगरात तलावाच्या कामावर बायका सकाळपासून माती उपसतात, आणि त्यांची मजुरी एका फोटोच्या चढण्यावर येऊन ठेपते. माझी बातमी एक दिवस उशिरा गेली तर उद्या छापता येते. त्यांचा दिवस नोंदलाच गेला नाही तर घाम गाळून केलेलं काम कागदावर उरत नाही.

जुलै २०२२ मध्ये केंद्राने ४जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, काम बीएसएनएलकडे दिलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ५जी सुरू झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ द्यावी लागते, नैसर्गिक आपत्ती वगळून. कंपन्यांना आपल्या व्याप्तीचे नकाशेही जाहीर करावे लागतात. हे चांगलं पाऊल आहे. पण जिल्हा हे माप फार मोठं आहे. गडचिरोली शहरात नेट सुरू असताना भामरागड आठवडाभर तुटलेलं असू शकतं, आणि पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडला रस्ताही नसतो. अशा वेळी जिल्ह्याच्या हिशेबात सेवा चालूच असते. हे माप तालुक्यावर आणावं, आणि नकाशावर उतरवण्याच्या वेगाशेजारी त्या गावातून फोटो चढायला किती वेळ लागतो तेही छापावं. दोन्ही गोष्टी कंपन्यांना आजही मोजता येतात. त्या मागण्याचं काम अंगणवाडीच्या संघटना, रोजगार हमीवर काम करणाऱ्या संस्था आणि आम्ही पत्रकार मिळून करू शकतो, आणि त्यासाठी पुढच्या वादळाची वाट पाहायची गरज नाही.