दुसऱ्या गोळीची सोय

नाशिककरांना बंदूक दिसते ती बहुधा बिबट्याच्या निमित्ताने. निफाड-सिन्नरकडच्या उसातून वाट चुकलेला बिबट्या एखाद्या बंगल्याच्या आवारात शिरतो, गच्च्या माणसांनी भरतात, आणि वनखात्याचा माणूस लांब नळीची बंदूक घेऊन खिडकीआडून नेम धरतो. ही बंदूक दारूवर चालत नाही. दाबलेल्या वायूच्या जोरावर ती भुलीच्या औषधाची सुई फेकते. अंतर बघून दाब ठरवायचा, एक सुई भरायची, ती सोडायची. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. तिला मॅगझीन नाही.

नेमबाजीचे धडे नाशिकमध्ये गिरवलेल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेचा नियमच असा की प्रत्येक बार उडवण्याआधी गोळी हाताने भरायची. म्हणजे नाशिकला अभिमान वाटावा अशी ही रायफल, तीही बिनमॅगझीनची.

मग मॅगझीन असतं कशासाठी? दुसऱ्या गोळीसाठी. पहिली गोळी नळीत हाताने ठेवता येते. ती हुकली किंवा जनावर नुसतं जखमी झालं, तर पुढच्या दोन सेकंदांत काय करायचं, याचं उत्तर म्हणजे ही पत्र्याची पेटी. शिकारीच्या रायफलीला कोणतं मॅगझीन असावं हा वाद म्हणूनच जुना आहे, आणि शिकारी तो तावातावाने घालत आले आहेत.

शब्द मात्र त्याहून जुना, आणि आपल्या ओळखीचा. अरबी ‘मखज़न’ म्हणजे कोठार. त्याच धातूपासून आपला ‘खजिना’ आला. युरोपात जाऊन त्याचं मॅगझीन झालं, आधी दारूगोळ्याचं. १७३१ साली लंडनच्या एका मासिकाने लेखांचं कोठार या अर्थाने ‘जंटलमन्स मॅगझीन’ हे नाव घेतलं. तेव्हा वाचक, हातात मासिक धरून तुम्ही मॅगझीनबद्दल वाचत असलात तर तो एकाच खजिन्याचा हिशेब आहे.

आपल्याकडे परवानाधारकाच्या कपाटात रायफल असलीच, तर ती बहुधा .३१५ मापाची असते. तिची जन्मकथा गमतीची आहे. इंग्रज सरकारला भीती होती की लष्कराच्या .३०३ काडतुसांना पाय फुटून ती बंडखोरांच्या हाती पडतील. म्हणून ते माप सामान्य माणसाला बंद. वाट काढण्यासाठी ऑस्ट्रियाच्या लष्कराचं ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतूस उचललं गेलं. ऑस्ट्रियन सैनिक ती पाच काडतुसं धातूच्या चिमट्यासकट रायफलीत कोंबत असत. बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याने तेच काडतूस ली नावाच्या कारागिराच्या पद्धतीच्या रायफलीत बसवलं. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्याने हाच वारसा चालवला; त्याच्या .३१५ ला पाच काडतुसांचं, खालून काढता येणारं मॅगझीन असतं. काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही तयार झाली. ऑस्ट्रियाचं काडतूस, इंग्रजी रायफल, बंगाली कारखाना आणि पुण्याची दारू. यात शिकाऱ्याची आवडनिवड कुठेच नाही. निवड कायद्याने केली.

खालून काढता येणारी ही पेटी मुळात त्याच लीची, म्हणजे जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत नाव काढलेल्या कारागिराची. १८७९ चं पेटंट. वाकवलेल्या पत्र्याची पेटी, तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगवर काडतुसं पेलणारी पट्टी, आणि वरच्या तोंडाला आत वळवलेले दोन ओठ. बोल्ट, म्हणजे नळीचं बूड बंद करणारा दांडा, मागे ओढला की स्प्रिंग काडतूस वर ढकलते, ओठ त्याला उडून जाऊ देत नाहीत, आणि बोल्ट पुढे जाताना ते नळीत सरकतं. इंग्रज लष्कराने १८८८ साली ली-मेटफर्ड रायफल घेतली तेव्हा तिच्यात आठ गोळ्या मावत, पुढे दहा. पण साहेबांचा सैनिकावर भरवसा कमी. मॅगझीन हरवेल म्हणून ते साखळीने रायफलीला बांधलं, आणि गोळ्या उधळतील म्हणून वर एक आडवी पट्टी बसवली. ती सरकवली की मॅगझीन बंद. एकेक गोळी हाताने भरून झाडा, पेटीतला साठा निकराच्या वेळेसाठी. चाळीतल्या आजीने साखरेच्या डब्याला कुलूप लावावं तशातला प्रकार.

.३०३ काय आणि .३१५ काय, या काडतुसांची खोड त्यांच्या बुडाशी आहे. बुडाला बाहेर आलेली कडा असते. या कडेमुळे काडतूस नळीत नेमकं जागेवर थांबतं, पण पेटीत एकावर एक रचताना तीच नडते. वरच्या काडतुसाची कडा खालच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. मागे राहिली तर बोल्ट ढकलताना वरचं काडतूस खालच्याला अडतं आणि रायफल ऐन वेळी तोंड मिटून बसते. .३१५ बाळगणाऱ्या पुष्कळांना हे ठाऊक नसतं. ते घाईत काडतुसं कशीही कोंबतात आणि दोष कारखान्याला देतात.

कडेचा हा त्रास जर्मन पॉल माउझरने मुळातूनच काढला. त्याच्या १८९८ च्या रायफलीत बिनकडेची काडतुसं दोन रांगांत एकाआड एक बसतात. पेटी लाकडाच्या पोटातच मावते, बाहेर काही लोंबत नाही. हे वाटतं तितकं क्षुल्लक नाही. रायफल हातात घेऊन दिवसभर डोंगर चढायचा तर तिचा तोल जिथे साधतो नेमकी तिथेच मूठ पडते, आणि बाहेर आलेलं मॅगझीनही नेमकं तिथेच बोटांना टोचतं. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला .२७५ ची रिग्बी रायफल भेट मिळाली, तीही माउझर जातीचीच. १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबट्या त्याने एका गोळीत मारला. कॉर्बेटच्या गोष्टी वाचून मोठं झालेल्या पिढीला मॅगझीन आठवत नाही, यात नवल नाही.

ऑस्ट्रियातल्या स्टायरच्या १९०३ च्या मॅनलिखर-शोनाउअरमध्ये गोल फिरणारं मॅगझीन आहे. पाच काडतुसं चरकीभोवती आपापल्या खाचेत बसतात आणि एकमेकांना घासत नाहीत. बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा सरकतो. माझं मत विचाराल तर इतकं देखणं मॅगझीन दुसरं झालं नाही. पण बिघडलं तर दुरुस्त करणारा हात शोधत बसावं लागतं. अमेरिकन गुराख्यांची नळीवजा मॅगझीनं तर आपल्या कामाचीच नाहीत. त्यांत एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकतं, म्हणून बोथट गोळ्याच भराव्या लागतात.

काढता येणाऱ्या मॅगझीनने नाशिकच्या इतिहासातही एकदा हजेरी लावली आहे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्या सामानातून २० ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. त्यांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला ठार केलं. ब्राउनिंगचं मॅगझीन मुठीतच असतं, त्यामुळे पिस्तूल चपटं आणि लपवायला सोपं. सरकार हत्यारांच्या बाबतीत कायम धास्तावलेलं का असे, ते यावरून कळावं.

आता शिकार उरलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती आवळली आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले शिकार परवानेही गेले. जनावर माणसांच्या जिवावर उठलं तर गोळी घालण्याचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकाचा. पिकांच्या राखणीसाठी शस्त्र कायदा शेतकऱ्याला देऊ करतो ती ठासणीची बंदूक, आणि ठासणीच्या बंदुकीला मॅगझीन कुठून असणार? २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. म्हणजे .३१५ ही आता पाहऱ्याची, वारशाची, फार तर रेंजवर नेण्याची वस्तू.

त्यामुळे कोणतं मॅगझीन घ्यावं असं आज आपल्याकडे कोणी मला विचारलं, तर पारडं मी उलट्या बाजूने जोखीन. मॅगझीन किती चटकन भरतं हे बघू नका. किती सहज रिकामं होतं ते बघा. माउझरच्या जुन्या बंद पोटातली पाच काडतुसं बाहेर काढायची तर बहुतेक वेळा एकेक काडतूस बोल्टने पुढे-मागे करत काढावं लागतं, आणि त्या खेळात बोट चापावर गेलं तर बार उडतो. खाली बिजागरीचं झाकण असेल तर ठीक, एका झटक्यात सगळी हातात. काढता येणारं मॅगझीन त्याहून बरं: रायफल एका कपाटात, मॅगझीन आणि काडतुसं दुसऱ्यात, आणि दोन्ही किल्ल्या वेगळ्या माणसांकडे. डोंगरात मुठीला टोचलं असतं ते टोचणं आता कोणाला? दहा गोळ्यांच्या पेटीचा सोस मात्र नको, पाच पुरेत. दुसरं मॅगझीन घ्यायचं झालं तर रायफल सोबत नेऊन, काडतुसं सरकतात का ते दुकानदारासमोर बघून घ्या. ली जातीच्या पेटीचे ओठ केसभर वाकडे असले तरी काडतूस अडतं, आणि एका रायफलीत सुरळीत चालणारी पेटी दुसरीत चालेलच असं नाही.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. त्या दिवशी घरातून निघण्याआधी मॅगझीन काढा, मग बोल्ट उघडा, आणि नळीच्या बुडाशी बोट घालून बघा. मॅगझीन बाहेर आलं तरी एक काडतूस आत राहिलेलं असू शकतं.