टिटॅनियम : विपुल, तरीही महाग?

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आपण शिकतो, की जी वस्तू दुर्मिळ ती महाग आणि जी विपुल ती स्वस्त. टिटॅनियम या धातूने मात्र हा नियम कोड्यात टाकला आहे. भूकवचातील मूलद्रव्यांत विपुलतेच्या दृष्टीने त्याचा क्रमांक नववा. तांब्याच्या सुमारे १०० पट टिटॅनियम तेथे आहे. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही त्याचे इल्मेनाइट हे खनिज सापडते. मग हा धातू महाग का?

उत्तर त्याच्या स्वभावात आहे. ऑक्सिजनशी जडलेली त्याची संगत सहजासहजी सुटत नाही. लोखंडाप्रमाणे कोळशाच्या भट्टीतून तो शुद्ध रूपात हाती येत नाही. विल्यम क्रोल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत खनिजापासून प्रथम क्लोराइड बनवतात. मग हवेचा स्पर्श टाळून, ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला, मॅग्नेशियमच्या साहाय्याने त्यातून धातू वेगळा काढतात. एकेक घाणा उतरायला काही दिवस लागतात. म्हणजे आपण मोजतो ती किंमत मुख्यतः या खटाटोपाची होय.

विद्युत्‌घटात मात्र हा धातू लागतच नाही! लागते ते त्याचे ऑक्साइड, म्हणजे भिंतींच्या पांढऱ्या रंगात घालतात तीच भुकटी. लिथियमच्या संयुगाबरोबर ती भाजली, की लिथियम टिटॅनेट तयार होते. नेहमीच्या लिथियम घटातील ग्रॅफाइटच्या ऋणाग्राऐवजी हे वापरले, तर घट काही मिनिटांत भारित होतो आणि हजारो वेळा भारित करूनही टिकतो. कारण लिथियम आत-बाहेर करताना याचे स्फटिक जवळजवळ फुगत नाहीत. जपानच्या तोशिबा कंपनीने २००८ साली असे घट बाजारात आणले.

मग सर्वच वाहनांत ते का नाहीत? येथे किंमत दुसऱ्या दाराने आत येते. ग्रॅफाइटचा घट सुमारे ३.६ व्होल्ट देतो, टिटॅनेटचा सुमारे २.३. शिवाय वजनाच्या मानाने टिटॅनेट ग्रॅफाइटच्या निम्म्याहून कमी विद्युत्‌भार साठवते. तेवढीच ऊर्जा हवी तर घट अधिक, वजन अधिक आणि इतर द्रव्यांचा खर्चही अधिक. थांब्याथांब्यावर भारित होणाऱ्या शहरी बसला हे परवडू शकते; लांब पल्ल्याच्या मोटारीला परवडणे कठीण.

तेव्हा धातूचा भाव ऐकून घट महाग ठरवणे जितके चूक, तितकेच वाळूतील विपुलता पाहून तो स्वस्त मानणेही चूक. ‘किती आहे?’ एवढे विचारून भागत नाही. ‘कोणत्या रूपात आणि कोणत्या कामासाठी हवे?’ हेही विचारावे लागते. भाव बहुधा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात दडलेला असतो.