दोष तारेत की उतावळेपणात?

परदेशीपुरा म्हटले की जुन्या इंदूरकरांना गिरण्या आठवतात. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न मार्गी लागावयास 2023 चा डिसेंबर उजाडावा लागला. भोंगे निमाले, तरी अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची परंपरा कामगारांनी सोडली नाही. त्यांच्याच घरांतील काही तरुण आज गणेशोत्सवात, गरब्यात आणि लग्नसमारंभात डीजेचा व्यवसाय करून चार पैसे मिळवितात.

या व्यवसायाकडे नाक मुरडून पाहणारे पुष्कळ आहेत. आवाजाच्या अतिरेकाविषयीची त्यांची तक्रार आम्हांसही मान्य आहे. परंतु कर्ज काढून घेतलेली यंत्रे ऐन कार्यक्रमात अडून बसली, तर त्या मुलाची काय अवस्था होत असेल, याचाही विचार व्हावयास हवा. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक सामान्यतः बंद ठेवावा लागतो. बिघाड शोधण्यात गेलेला तास परत मिळत नाही. ठरलेल्या पैशांतून मात्र तो कापला जाण्याची भीती असते. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

प्रथम ही रचना समजून घेऊ. पायोनियर कंपनीने 2009 साली सीडीजे-2000 हा प्लेयर आणला, तेव्हापासून असे प्लेयर आणि लॅपटॉप एका जाळ्यात जोडता येऊ लागले. लॅपटॉपमधील ‘रेकॉर्डबॉक्स’ या प्रणालीतील गाणी लॅनच्या तारेतून प्लेयरकडे जातात. मात्र प्लेयरमधून निघणारा आवाज वेगळ्या तारेने मिक्सरकडे आणि तेथून स्पीकरकडे जातो. हा भेद ध्यानात ठेवला की अर्धे काम झाले. पडद्यावर गाणे पुढे सरकते आहे, पण ऐकू येत नाही, तर दोष जाळ्यात नाही. मिक्सर व आवाजाच्या तारा पाहाव्यात. लॅपटॉपचे नावच प्लेयरवर दिसत नसेल, किंवा गाणे मध्येच तुटून तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजू लागला असेल, तर जाळ्याची तपासणी करावी.

तपासणीची सुरुवात हाताला लागणाऱ्या वस्तूंपासून करावी. तारेच्या टोकाची प्लॅस्टिकची खिट्टी तुटलेली असली, तर धक्क्याने तार सैल होते. दोन प्लेयर आणि लॅपटॉप जोडावयाचे, तर मध्ये हब लागतो. त्याला वीजपुरवठा होतो आहे ना, तार जोडलेल्या जागी दिवा लागतो आहे ना, हे पाहावे. दिवा लागत नसेल तर चांगली म्हणून खात्री असलेली तार लावून पाहावी. एकाच तारेची दोन्ही टोके चुकून त्याच हबमध्ये खोवली गेली, तर सारे जाळेच ठप्प होऊ शकते.

तारा निर्दोष असतील, तर प्लेयरचे क्रमांक पाहावेत. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा हवा. एका वर्गात एकाच हजेरीक्रमांकाची दोन मुले असली, तर ‘हजर’ कोणी म्हणावयाचे?

यानंतर लॅपटॉपकडे वळावे. वायफाय चालू असेल, तर लॅपटॉप प्लेयरना भलत्याच वाटेने शोधू शकतो. ते बंद करावे. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता असतो. पत्ता देणारा राउटर नसेल, तर यंत्रे 169.254 ने सुरू होणारा पत्ता आपण होऊन घेतात. त्यास थोडा वेळ लागतो. कार्यालयीन कामासाठी लॅपटॉपवर कायमचा पत्ता घालून ठेवला असेल, तर त्याची व प्लेयरची गाठ पडत नाही. ही मांडणी ‘स्वयंचलित’ करावी. पुढचा संशयित फायरवॉल. हा संगणकाचा द्वारपाल होय. पहिल्या दिवशी त्याने विचारलेल्या प्रश्नाला घाईत नकार दिला गेला असेल, तर रेकॉर्डबॉक्सला तो वाटेतच अडवितो. फायरवॉल सरसकट बंद न करता त्या एका प्रणालीस परवानगी द्यावी.

प्लेयरमधील अंतर्गत प्रणाली आणि रेकॉर्डबॉक्स यांच्या आवृत्त्या एकमेकांशी जुळतात की नाही, हे घरीच पाहून ठेवावे. मंडपात नवी आवृत्ती भरण्याचे धाडस करू नये.

या सर्वांत महत्त्वाचा नियम असा की एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा. चार जणांनी चार तारा एकदम उपटल्या, तर जाळे सुरू झाले तरी दोष कोठे होता हे कळत नाही. आणि न कळलेला दोष पुढच्या मंडपात पुन्हा उभा राहतो. मग निर्दोष यंत्रावर ठपका येतो, नवे यंत्र घेतले जाते आणि कर्ज वाढते.

आणखी एक सूचना. रेकॉर्डबॉक्समधून गाणी भरलेला पेनड्राइव्ह खिशात असावा. तो थेट प्लेयरला लावला की लॅपटॉपवाचून गाणे सुरू होते. कार्यक्रम चालू ठेवून दोष सावकाश शोधता येतो.

यंत्र रागावत नाही आणि रुसतही नाही. ते जेथे अडले तेथेच अडलेले असते. आपण पायरी पायरीने तेथवर पोहोचावयाचे असते. परदेशीपुऱ्यातील तरुणांनी ही शिस्त अंगी बाणविली, तर मंडपातील उत्सव अडणार नाही आणि घरातील चूलही.