चढ संपला, श्रम संपले?

कर्जत-खोपोली लोहमार्गावरील पळसदरी स्थानकाजवळ सोनगिरी किल्ल्याचा डोंगर आहे. त्याचा काळा बेसॉल्ट खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. अशा डोंगरांत सुटे धोंडे, घसारा आणि पाचोळा यांमुळे रानवाट अवघड होते.

समजा, ५० किलोग्रॅम वस्तुमानाचा विद्यार्थी २०० मीटर चढला आणि दुसऱ्या वाटेने मूळ जागी परतला. चढताना त्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ५० × ९.८ × २०० = ९८,००० ज्यूल कार्य केले. परतल्यावर मात्र गुरुत्वाकर्षणाने केलेले एकूण कार्य शून्य! मग तो थकला कशाने?

स्नायू म्हणजे काही स्प्रिंग नव्हे. चढताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कार्यात उतरतो. बाकीची उष्णता होते, म्हणून घाम येतो. उतरताना ते ९८,००० ज्यूल परत हाती लागत नाहीत. त्यांचीही बहुतेक उष्णताच होते. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकसारखे शरीराला रोखून धरतात. त्यामुळे स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखतात.

त्यातच पाचोळ्याखालचे गोल खडे पायाखाली फिरतात आणि दमलेल्या पायांना तोल सावरता येत नाही. म्हणून उतारावर पावले लहान टाकावीत. लांब पावलात पाय तिरका पडून आडवे बल वाढते. ते घर्षणाच्या मर्यादेपलीकडे गेले, की पाय घसरलाच!

तेव्हा मित्रांनो, माथ्यावर पोहोचलात म्हणजे वाट निम्मीच झाली. पाणी आणि ताकद उरलेल्या निम्म्या वाटेसाठी राखून ठेवा.