बंदी आली? नवं नाव लावा, पेपर काढा!

माहीत आहे का, अरबी पत्रकारितेतल्या एका गाजलेल्या पेपरचं नाव संपादकाच्या चष्म्यावरून पडलंय? कैरोचे याकूब सन्नू निळ्या काचांचा चष्मा लावायचे. गाढवं हाकणाऱ्या पोरांनी त्यांना ‘अबू नद्दारा जर्का’, म्हणजे ‘निळा चष्मेवाला’, अशी हाक मारली आणि पेपरला नाव मिळालं, असा किस्सा सांगतात.

या चष्म्यातून दिसायचं काय? युरोपच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला इजिप्त! १८७८च्या मंत्रिमंडळात अर्थखातं इंग्रजाकडे आणि बांधकाम खातं फ्रेंचाकडे. हो, इजिप्तच्याच मंत्रिमंडळात! सन्नूंनी बोलीभाषेत कारभाराची अशी टर उडवली की इजिप्तचा शासक, खदीव इस्माईल याने त्यांना देशाबाहेर घालवलं. याच खदीवने आधी त्यांची नाटकं बघून त्यांना ‘इजिप्तचा मोलिएर’ म्हटलं होतं.

सन्नू थेट पॅरिसला. तिथून छापलेले अंक पुस्तकांच्या, मासिकांच्या पानांत दडून इजिप्तला पोचायचे. बंदी आली की नाव नवं! कधी ‘बासरीवाला’, कधी ‘जादूगार’. हा खेळ चालला १९१० पर्यंत. स्टॅमिना बघा!

आता एक शॉर्ट इनिंग. १८८४, पुन्हा पॅरिस. पेपर ‘अल-उरवा अल-वुस्का’, अंक फक्त १८, वाटप फुकट. पण धसका केवढा! इंग्रजांनी इजिप्तसोबत हिंदुस्थानातही त्याला दार बंद केलं. संपादक दोघे. जमालुद्दीन अफगाणी, म्हणजे इजिप्तमधून हाकलल्यावर काही काळ आपल्या शेजारच्या हैदराबादेत राहून गेलेले विचारवंत. आणि मुहम्मद अब्दुह, जे पुढे १८९९मध्ये इजिप्तचे मुफ्ती झाले!

आता माझा सगळ्यात लाडका आयटम. माहीत आहे का, परकीय प्रभावावरची एक जबरदस्त टीका चक्क कांद्यावर बेतलेली आहे? १८८१मध्ये अब्दुल्ला नदीम यांनी ‘अत-तन्कीत वत-तब्कीत’ काढला आणि पहिल्याच अंकात एका फॉरेन रिटर्न पोराची गोष्ट छापली. शेतकऱ्याचा मुलगा युरोपात शिकून बोटीतून उतरतो. बाप मिठी मारायला धावतो, तर हा मागे सरकतो. मिठी काय मारता? हात मिळवा आणि फ्रेंचमध्ये स्वागत करा! घरी आईने हौसेने मटण रांधलेलं. त्यात जरा जास्तच पडलंय ते... ते... काय बरं त्याचं नाव? ते डोळ्यांतून पाणी काढणारं! आई-बाप एकेक भाजी सुचवतात आणि साहेबांना कांदा काही आठवत नाही.

नदीमना शिक्षणाचं वावडं नव्हतं. शिकून आलेला पोरगा आई-बापालाच परका झाला, हे त्यांना झोंबत होतं. आणि लिहिलंही असं सोपं, की कॉफीच्या दुकानात एकाने मोठ्याने वाचावं आणि निरक्षर मंडळींनीही पोट धरून हसावं. माझ्या मते लेखणीची खरी ताकद ती हीच!

पुढच्याच वर्षी इंग्रज फौजा इजिप्तमध्ये उतरल्या. लष्करी अधिकारी उराबी यांच्या उठावातले बिनीचे वक्ते असलेले नदीम गायब! वेश बदलत, गावोगाव लपत त्यांनी तब्बल नऊ वर्षं गुंगारा दिला. शेवटी पकडले गेले, हद्दपार झाले. सुटका होऊन परतल्यावर या पठ्ठ्याने पहिलं काम काय केलं असेल? नवा पेपर काढला! ‘अल-उस्ताद’, १८९२. वर्षभरात तोही बंद आणि नदीम पुन्हा हद्दपार.

या सगळ्यांसमोर खुर्चीत होते लॉर्ड क्रोमर, मूळचे एव्हलिन बेअरिंग. इजिप्तचा कारभार हाती घेण्याआधी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये अर्थखातं सांभाळून आलेले. दरारा असा की टोपणनाव पडलं ‘ओव्हर-बेअरिंग’!

ब्रेकिंग न्यूजचा जमाना नवा वाटतो? १८९६मध्ये सुदान मोहिमेवरचे इंग्रज सेनापती किचनेर यांनी फौजेतल्या आजारपणाची गुप्त तार पाठवली, ती ‘अल-मुअय्यद’ने छापून टाकली. तारघरातून फुटली कशी? खटला उभा राहिला, संपादक शेख अली यूसुफ सुटले आणि पेपरचा भाव वधारला.

पण घरच्या आघाडीवर? १९०४मध्ये बड्या घराण्यातल्या मुलीशी त्यांनी लावलेला निकाह सासऱ्यांनी कोर्टात नेऊन मोडला. तोलामोलाचं स्थळ नाही म्हणे, त्यात धंदा पत्रकारितेचा! (पुढे समेट झाला. हुश्श!)

आता जरा थांबू या, कारण पुढची गोष्ट हसण्याची नाही. जून १९०६, गाव देन्शवाय. इंग्रज अधिकारी कबुतरं मारायला आले. पण ती कबुतरं रानातली नव्हती, गावकऱ्यांनी पोटासाठी पाळलेली होती. झटापट झाली. एक अधिकारी पळताना उन्हाने कोसळून मेला. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच चौघांना त्यांच्याच गावात, घरच्यांच्या डोळ्यांदेखत फाशी. इतरांना फटके. ‘अल-लिवा’चे संपादक मुस्तफा कामिल यांनी ही कहाणी पॅरिसच्या ‘फिगारो’त मांडली, लंडनमध्ये बर्नार्ड शॉ यांनीही हे प्रकरण धसाला लावलं आणि १९०७मध्ये क्रोमरसाहेब घरी गेले. कामिल १९०८मध्ये वारले. वय अवघं ३३.

मेलेला माणूस परत आला तर? मुहम्मद मुवैलिहींनी १८९८पासून ‘मिस्बाह अश-शर्क’मध्ये लेखमाला चालवली. तिचा हीरो एक पाशा, तो कबरीतून उठतो! बाहेर येतो तर ना ओळखीचे कायदे, ना ओळखीची कोर्टं. गाढववाल्याशी भांडण होतं आणि पाशासाहेब कचेऱ्यांच्या चक्रात अडकतात. टाइम ट्रॅव्हल, तेही वर्तमानपत्रात!

परवाना नाही? नो प्रॉब्लेम! १९१९मध्ये कवी बैरम अत-तूनिसी यांनी ‘अल-मिसल्ला’ काढला आणि वर छापलं की हे वर्तमानपत्रही नाही आणि मासिकही नाही. त्यांची एक गाजलेली कविता विरहगीतासारखी सुरू होते. झोप उडवणारी ती ‘प्रेयसी’ कोण? अलेक्झांड्रियाची नगरपालिका! परक्यांचा वरचष्मा आणि करांचा मारा असलेली.

रेकॉर्ड हवाय? अल्जीरियाचे अबू अल-यक्झान! १९२६ ते १९३८ या काळात एकामागून एक आठ पेपर. फ्रेंचांनी एक बंद पाडला की दुसरा हजर. पहिला ‘वादी मिझाब’ तर लिहायचे अल्जीरियात, छापायचे ट्युनिसमध्ये आणि विकायचे पुन्हा अल्जीरियात. त्यांचेच देशबंधू बेन बादीस यांचा ‘अल-मुन्तकिद’ १९२५मध्ये बंद पडला तो १८ अंकांवर. अल-उरवाचाही आकडा तोच!

आणि जाता जाता, माहीत आहे का, ‘मिस्री एफेंदी’ कोणाचं पोर? तुर्की टोपी, चष्मा, हातात जपमाळ. १९३०च्या दशकात हा बुटका कार्टून-बाबू ‘रोझ अल-यूसुफ’मधून मंत्र्यांना आणि इंग्रजांना खडे बोल सुनवायचा. हे साप्ताहिक काढलं होतं एका अभिनेत्रीने, फातिमा अल-यूसुफ यांनी, १९२५मध्ये. चित्रकार सारूखान जन्माने आर्मेनियन. आणि मूळ कल्पना? लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’मधल्या स्ट्रूबच्या ‘लिटल मॅन’वरून उचललेली!