‘श्यामा’ आणि आपण वाचक

कचेरीतल्या प्रेमाची कादंबरी म्हटली की, न वाचताच ‘चावट’ हा शिक्का बसतो. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ पाहा. पुणे आकाशवाणीत नोकरी करणाऱ्या कवीची ही प्रेमकथा १९६२ साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात आली. खालच्या न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने अश्लीलतेबद्दल २५ रुपये दंड केला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कथा समग्र वाचावी. शृंगाराचा नुसता उल्लेख अश्लील मानला, तर तरुणांना केवळ धार्मिक ग्रंथच वाचावे लागतील, असा त्या निकालाचा आशय होता.

आपल्या बिडकीनसारख्या गावात मुलीच्या पिशवीत अशी कादंबरी सापडली, तर तिचे कॉलेजच बंद होण्याची धास्ती असते. म्हणून मित्रहो, पुस्तक आवडले नाही असे खुशाल म्हणा. पण आधी ते पूर्ण वाचा.